चाळीस पावलं आत

फेब्रुवारी संपत आला की बारामती-इंदापूर रस्त्यावर दोन वास येतात. एक उसाच्या पाचटाचा. तो गोडसर आणि जड असतो, घशात बसून राहतो. दुसरा माळावरच्या जळलेल्या गवताचा. हा कोरडा असतो, येतो आणि जातो. कारखान्यांचा हंगाम उतरणीला लागलेला असतो आणि वनखात्याची जाळरेषेची कामं संपत आलेली असतात, म्हणून दोन्ही वास एकाच आठवड्यात भेटतात. मी हा रस्ता वर्षातून तीन-चारदा करते. बाकीच्या वेळी तो नुसता रस्ता असतो.

जाळरेषा म्हणजे आग अडवण्यासाठी आधीच जाळून ठेवलेला पट्टा. माळावरचं गवत माघानंतर इतकं वाळतं की पायाखाली मोडल्याचा आवाज येतो. रस्त्यावरून जाणाऱ्या कुणी विडी टाकली तर सगळा माळ दुपारपर्यंत जातो. म्हणून गवताची एक पट्टी दोन्ही अंगांनी कापून घेतात आणि मधलं गवत सकाळच्या पडलेल्या वाऱ्यात पेटवतात. दोन माणसं हिरव्या फांद्या घेऊन कडेनं चालतात आणि बाहेर पाय टाकणारा जाळ झोडपून आत ढकलतात. काम संपलं की पिवळ्या माळावर एक काळी रेषा उरते. पुढची आग तिच्यापाशी येते आणि खायला काही नसल्यामुळे थांबते.

नव्वदीच्या मधल्या वर्षांत ही रेषा माझे वडील मारत. आम्ही त्यांना आप्पा म्हणत होतो. आमच्या गावाजवळच्या माळावर खात्यानं कुंपण घालून एक वनउद्यान केलं होतं. आत चिंकारा होते, खोकड होती, नशीब असेल तर लांडगा दिसायचा. एक लोखंडी मचाण, सिमेंटची चार बाकडी, टँकरनं भरायचा एक पाणवठा आणि फाटक. गावात त्याला हरणाचं रान म्हणत. आप्पा तिथं रोजंदारीवर वनमजूर होते. तोवर अकरा वर्षं हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, आणि कायम होणाऱ्यांची यादी पुण्याला जाणार असं त्यातली निम्मी वर्षं तरी ऐकू येत होतं.

रविवारी बारामतीहून जीप भरून लोक यायचे. मचाणावर चढायचे, माळ बघायचे आणि उतरायचे. माळावर बघायचं कसं असतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. त्यात त्यांचा दोष नाही. चिंकारा उभा असला तरी तो गवताच्याच रंगाचा असतो.

"वाघ कुठाय वाघ?" असं हमखास कुणीतरी विचारायचं.

"रजेवर हाय," आप्पा म्हणायचे. चेहरा हलायचा नाही. "सोमवारी हजर हुतोय."

मी त्या वर्षी बी. ए. होऊन घरी बसले होते. बसले होते म्हणजे बारामतीच्या एका साप्ताहिकात आठवड्याचे तीन दिवस मुद्रितं तपासत होते. घरी आई लग्नाचं बोलत होती, साप्ताहिकात संपादक मी मुलगी असल्यामुळे संध्याकाळच्या सभांना पाठवत नव्हते. एसटीच्या खिडकीतून उसाच्या भिंती दोन्ही बाजूंनी जायच्या आणि गाव जवळ आल्यावर त्या संपायच्या. मग माळ दिसायचा. मोकळा वाटायचा खरा. पण त्यालाही तार होती.

कुंपण झाल्यावर एक चिंकारा मादी रोज सकाळी तारेला समांतर चालायची. पूर्वी जिथून ती गाडीवाट ओलांडून पलीकडच्या हरभऱ्यात जात असावी, तिथं थांबायची, नाक तारेजवळ न्यायची आणि परत फिरायची. कितीतरी महिने. चिंकाऱ्याला तारेवरून उडी मारता येते, असं नंतर मला एका अभ्यासकानं सांगितलं. तिनं मारली नाही, एवढंच मी सांगू शकते.

जाळरेषेच्या दिवसांत मी आप्पांची भाकरी घेऊन जायची. त्या वर्षी पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं की रेषा कुंपणाच्या कडेनं जात नाही. फाटकाच्या बाजूला ती बरीच आत होती. मी मोजलं. तारेपासून चाळीस पावलं. मधे गवताची एक लांब पट्टी नुसतीच सोडलेली. फाटक, मचाण आणि बाकडी त्या पट्टीत होती.

"कुंपणाकडनं का नाही मारत?" मी विचारलं.

आप्पा पाणी पीत होते. "हितनंच मारायची."

"पण का?"

"वारं बघून."

भिवा काका, त्यांच्या जोडीचे दुसरे मजूर, हातातल्या तरवडाच्या फांदीनं राखेवर मारत हसले. "तुझ्या बापाच्या पायात काटा हाय पोरी, होकायंत्राचा. आमी नुसतं मागं मागं."

रेषा एका हिवराच्या झाडाखाली वळत होती. तिथं एक दगड होता, निम्मा पुरलेला, वरच्या अंगाला टाकीचे दोन घाव. पुढे दीडएकशे पावलांवर आणखी एक, तसाच. आप्पांनी दगडाकडे पाहिलं नाही. पण रेषा प्रत्येक दगडाला वळत होती.

दगड शिवेचे होते. आमच्या गावाची हद्द तिथं संपत होती आणि शेजारच्या गावाची सुरू होत होती. कुंपण घालणाऱ्या ठेकेदारानं सोपी पडली म्हणून गाडीवाट धरली होती आणि चाळीस पावलं शेजारच्या गावात शिरला होता. खांबांचे खड्डे ज्यांनी खणले त्यांत आप्पाही होते. त्यांना ठाऊक होतं, आणि ते बोलले नव्हते.

का, ते मला आईनं सांगितलं. आईला ते माझ्या थोरल्या आत्यानं सांगितलं होतं.

छपन्नच्या आधी आमच्या घराकडे गावाची येसकरकी होती. येसकराकडे पुष्कळ कामं असत, त्यातलं एक शीव राखण्याचं. दोन गावांत हद्दीवरून तंटा झाला की येसकराला चालवत. अनवाणी, खांद्यावर घोंगडी, हातात घुंगरांची काठी, डोक्यावर त्याच मातीचं ढेकूळ. तो जिथून चालेल ती शीव. खोटं चालला तर त्याचं घर बसतं, अशी समजूत होती, म्हणून त्याच्या पावलांवर दोन्ही गावं विश्वास ठेवत. चालून झाल्यावर त्याला पाणी मिळे. ते वरून, ओंजळीत.

धर्मांतर करून आज्जा परत आला त्या आठवड्यात त्यानं ती काठी चुलीत घातली आणि तिच्यावर घरातल्या सगळ्यांच्या आंघोळीचं पाणी तापवलं. आप्पा तेव्हा दहा वर्षांचे होते. आज्जा त्यांना म्हणाला होता, "हितनं फुडं शीव कुणी इचारली तर सांगायची न्हाय. सरकारनं नकाशा केलाय. त्याला इचारा म्हणायचं."

पण त्याआधी तीन वर्षं तो पोराला घेऊन सगळे दगड चालला होता. ते पायातून काढून टाकण्याची काही तजवीज त्याच्यापाशी नव्हती.

"म्हणून आप्पा बोलत नाहीत?" मी आईला विचारलं.

आई भाजी निवडत होती. "बोलतील कशाला? बोलले की झाले येसकर."

मी ते लिहिलं. साप्ताहिकात एक चौकट रिकामी होती आणि संपादकांना स्थानिक इतिहासावर काहीतरी हवं होतं. मी दगडांवर लिहिलं, शीव चालण्याच्या रीतीवर लिहिलं, गावाचं आणि उद्यानाचं नाव दिलं. चाळीस पावलांबद्दल लिहिलं नाही, तेवढं भान होतं. संपादकांनी मजकूर वाचला आणि चष्म्यावरून विचारलं, "त्या घरातलं आज कुणी आहे का? बातमीत माणूस पाहिजे." मी शेवटी एक वाक्य जोडलं: या घराण्याचे वंशज किसन हे आजही याच उद्यानात वनमजूर म्हणून काम पाहतात. खाली माझं नाव नव्हतं. 'वार्ताहराकडून' एवढंच होतं.

आप्पांनी तो अंक सावकाश वाचला. ते सातवी शिकलेले होते आणि वाचताना बोट ओळीखाली ठेवत. बोट शेवटच्या ओळीखाली गेलं, तिथं जरा वेळ राहिलं. मग त्यांनी अंकाची घडी घातली. "कागदावर चांगलं दिसतंय," म्हणाले.

चार दिवसांनी रेंजर साहेब आले. अंक त्यांच्या शर्टाच्या खिशात होता. साहेब कोकणातले, तरुण, कामाचे होते. पाणवठा त्यांनीच मंजूर करून आणला होता. माळ म्हणजे पडीक जमीन नव्हे, हे लोकांना पटवायची त्यांना खरी तळमळ होती. हे लिहिणं आवश्यक आहे, कारण पुढचं वाचताना त्यांच्याविषयी वेगळा समज होऊ शकतो.

एरवी ते आप्पांना किसन म्हणत. त्या दिवशी म्हणाले, "किसनराव, अहो तुम्ही कधी बोलला नाहीत. केवढी परंपरा आहे तुमच्याकडे."

त्यांच्या मनात कार्यक्रम तयार होता. मार्चमध्ये मचाणाशेजारी माहितीफलक लावायचा. दोन्ही गावांचे सरपंच, शाळेची मुलं, पुण्याहून मोठे साहेब. आणि किसनरावांनी जुन्या वेषात, घोंगडी आणि काठी घेऊन, पाहुण्यांच्या पुढे शीव चालून दाखवायची. डोक्यावर ढेकूळसुद्धा. "लोकांना इतिहास डोळ्यांनी दिसला पाहिजे. आणि मोठे साहेब येणार आहेत, यादीचा विषय तेव्हा समक्षच काढू."

"बघू साहेब," आप्पा म्हणाले.

पुढचे तीन आठवडे घरात हा एकच शब्द होता. बघू. त्याच्या अलीकडे जाता येत नव्हतं आणि पलीकडेही. नाही म्हणावं तर अकरा वर्षं त्या एका दुपारी संपत होती. हो म्हणावं तर आज्ज्यानं जाळलेली काठी पुन्हा हातात येत होती, आणि तीही पाहुण्यांनी टाळ्या वाजवण्यासाठी. आमच्या गावचे सरपंच रस्त्यात थांबवून म्हणाले, "आरं किसन, मान हाय तुझा. घालवू नगंस." आप्पांनी मान हलवली. भिवा काकांनी विचारलं, काठीला घुंगरं किती असतात. आप्पा म्हणाले, मोजली न्हाईत.

आणि मी हो म्हणा असं सांगत होते. ते नोंदवून ठेवते. बाकीच्यांचं बोलणं लिहायचं आणि आपलं गाळायचं, हे बरोबर नाही. मला त्यांची नोकरी कायम व्हायला हवी होती. मला ती चौकट माझ्या अंगावरून उतरायला हवी होती. एका संध्याकाळी ते अंगणात विळ्याला धार लावत होते तेव्हा मी म्हणाले, "आप्पा, एका तासाचं तर काम आहे."

त्यांनी धार अंगठ्यावर बघितली. "तवाबी तासाचंच असायचं," म्हणाले.

आईनं तेवढ्यात मला पाणी आणायला पाठवलं. आमच्या घरात पाणी भरलेलं होतं.

कार्यक्रमाच्या सकाळी साहेबांची जीप लवकर आली. बारामतीच्या नाटकाच्या सामानवाल्याकडून त्यांनी घोंगडी आणि काठी भाड्यानं आणली होती. घुंगरं पितळेची, नवी, घासून चकचकीत केलेली. काठी जीपमधून काढताना ती वाजली आणि शाळेची मुलं हसली.

आप्पा पांढऱ्या शर्टात आले. काळी पँट, पायात बूट. हे कपडे ते चौदा एप्रिलला घालत.

"किसनराव, कपडे?" साहेब हळूच म्हणाले.

"घातल्यात की."

"तसं नाही, कार्यक्रमाचे."

आप्पांनी काठीकडे पाहिलं. हात लावला नाही. मग सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या, पण वर न चढवलेल्या आवाजात म्हणाले, "साहेब, रेषा मारून ठिवली हाय. पाव्हण्यांनी तिच्यावरनं चालावं. दगड लागत जातील. माझं काम रेषा मारायचं."

पुण्याच्या साहेबांना काय बिनसलं हे कळलं नसावं. त्यांना तर कल्पना आवडली. "चला की," म्हणाले, "आपणच चालू." आणि ते पुढे निघाले. त्यांच्या मागे रेंजर साहेब, दोन सरपंच, ग्रामपंचायतीचे सदस्य, हार घेऊन आलेले दोघे, मास्तर आणि मुलं. सगळी मंडळी काळ्या रेषेवरून एकामागून एक शीव चालली. राख मऊ असते, पाय बुडतो. पांढरे लेंगे घोट्यापर्यंत काळे होत गेले. नव्या वहाणा काळ्या झाल्या. आप्पा मचाणाच्या सावलीत उभे होते, हात मागे बांधून. त्यांच्या बुटांवर राखेचा कण नव्हता.

मी वही उघडून उभी होते. काही लिहिलं नाही.

तिसऱ्या दगडापाशी शेजारच्या गावचे सरपंच थांबले. उंच, हाडकुळा माणूस, तोवर हसतखेळत आलेला. त्यांनी दगडावरच्या घावांवरून हात फिरवला, मागचा दगड बघितला, पुढचा बघितला. मग मान वळवून कुंपणाकडे, फाटकाकडे, मचाणाकडे पाहिलं.

"म्हंजी," ते म्हणाले, "मगाशी मचाणाखाली आमी चहा प्यालो, त्यो आमच्याच गावात व्हय?"

लोक हसले. मग हसू एकेकाच्या चेहऱ्यावरून उतरत गेलं.

रेंजर साहेब भरभर परत आले. "किसन, ही शीव आहे?"

"नकाशा हाय साहेब. त्याला इचारा."

आमचे सरपंच तावातावानं पुढे झाले. "आरं, इतकी वर्षं ठावं हुतं तर बोलायचं न्हाय व्हय?"

"नकाशाला इचारा, तात्या," आप्पा पुन्हा म्हणाले. त्याच आवाजात.

फलकावरचा पडदा काढायचा राहून गेला. काठी आणि घोंगडी जीपमध्ये मागं ठेवली गेली, आणि जीप खड्ड्यातून जाताना घुंगरांचा आवाज फाटकापर्यंत ऐकू येत होता.

पुढे पत्रं झाली. दोन्ही गावांचे ठराव झाले. कुंपण हललं नाही. साहेबांची वर्षभरात बदली झाली. त्याआधी यादी आली. तिच्यात भिवा काकांचं नाव होतं, आप्पांचं नव्हतं. कारण कुठेही लिहिलेलं नव्हतं. याद्यांत नावं असतात, कारणं नसतात. ते त्या कार्यक्रमामुळे झालं असं मी सिद्ध करू शकत नाही, आणि नाही असंही म्हणू शकत नाही.

भिवा काका पेढे घेऊन आले आणि उंबऱ्याबाहेरच उभे राहिले. आत यायला त्यांचा पाय उचलेना. आप्पांनी हात लांब करून एक पेढा घेतला, खाल्ला.

"कंदी हाय का रं?"

"व्हय."

"चांगला हाय. आत ये की, भायेर का? तुझंच घर."

गुडघे चालेनासे होईपर्यंत आप्पा हजेरीपटावर राहिले. दर माघात रेषा मारत राहिले, त्याच जागी. मधे एका चैत्रात रस्त्याकडून आग आली. चाळीस पावलांची ती पट्टी सगळी गेली, बाकड्यांचा रंग सोलपटला, आणि जाळ हिवरापाशी येऊन थांबला. त्या दिवशी सगळे चिंकारा रेषेच्या आतल्या अंगाला उभे होते, असं भिवा काका सांगत. ती मादी त्यांत होती का, हे मी विचारलं नाही.

माझ्या वाक्याविषयी आप्पा कधी बोलले नाहीत. मी पुढे पुण्याच्या दैनिकात गेले, बावीस वर्षं बातम्या केल्या. दुसऱ्यांच्या मजकुरातली शेवटची वाक्यं तपासण्यात माझा जास्त वेळ जातो, अशी माझ्याविषयी तक्रार असे. ती खरी होती. आप्पांना सांगायचं राहिलं. ते गेले तेव्हाही फाल्गुनच होता.

यंदा मी गाडी थांबवली. फाटक नवं आहे. मचाणाला रंग दिलाय, आणि फलकावर प्राण्यांची चित्रं आहेत. गणवेशातली एक तरुण वनरक्षक मुलगी माझ्याबरोबर चालत आली. ती विदर्भातली, इथं येऊन आठ महिने झालेले. माळावर धूर होता. चार मजूर फांद्या घेऊन रेषेच्या कडेनं चालत होते. त्यांतलं कुणीही भिवा काकांच्या वेळचं नव्हतं.

रेषा हिवराखाली वळत होती.

"कुंपणापासून इतकं आत का?" मी विचारलं.

"मीपण तेच विचारलं हो मॅडम. कुंपणाला लागून मारा म्हटलं, तर ऐकत नाहीत. म्हणतात, हितनंच मारायची." ती हसली. "का, ते कुणालाच माहीत नाही."

मी परत येताना पावलं मोजली. चाळीसच भरली. तारेपाशी उभी राहून ती मुलगी म्हणाली, "तुम्ही इकडच्याच वाटता. फलकावर थोडा इतिहास टाकायचा आहे आम्हाला. ते घाव घातलेले दगड कशाचे आहेत, सांगाल का?"

मागे मजूर आपापसात काही बोलून हसत होते. जाळ खाली बसला होता.

"नकाशा असेल की तुमच्याकडे," मी म्हणाले.

तिनं ते वहीत लिहून घेतलं. मी गाडीत बसले तेव्हा बुटांची राख मॅटवर उतरली. ती मी अजून झाडलेली नाही. गावाचं नाव या लेखात नाही. आणि आप्पांचं नाव किसन नव्हतं.